माणसांची पारख आणि उद्योगाची उभारणी : लक्ष्मणराव किर्लोस्कर

उद्योग भांडवलावर उभा राहतो, असे सामान्यतः मानले जाते. जमीन, यंत्रे, कच्चा माल आणि बाजारपेठ यांची जुळवाजुळव झाली की कारखाना सुरू होतो, हे खरेच आहे. परंतु सुरू झालेला कारखाना टिकतो कशामुळे आणि वाढतो कशामुळे, या प्रश्नाचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत सहसा सापडत नाही. ते त्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसांच्या मनात असते. मालकाने आपल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, आपल्यातील गुण त्याला दिसले की केवळ उणिवा दिसल्या, अडचणीच्या वेळी तो आपल्या बाजूस उभा राहिला की नाही, यांवर कामगाराच्या हातून होणाऱ्या कामाचा कस ठरतो.

दक्षिण महाराष्ट्राच्या भूमीत हे सत्य ज्यांनी आपल्या आचरणाने सिद्ध केले, त्यांत लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. लोखंडी नांगराचे निर्माते आणि किर्लोस्करवाडीचे संस्थापक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या यंत्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती यंत्रे ज्यांच्या हातून घडली ती माणसे त्यांनी कशी निवडली, कशी जपली आणि त्याचे फळ उद्योगास कसे मिळाले, याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच जन्मगाव. घरातील वातावरण परंपरानिष्ठ होते. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. अशा कुटुंबातील मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची रीत. लक्ष्मणरावांचे मन मात्र शालेय अभ्यासात रमत नव्हते. त्यांना दोन गोष्टींचे वेड होते : चित्रकला आणि यंत्रे.

१८८५ मध्ये ते मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार होण्याची त्यांची तीव्र इच्छा होती. परंतु अल्पावधीतच एक दुर्दैवी गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नव्हता. रंगांधत्वाचा हा दोष औषधाने बरा होणारा नव्हता. चित्रकाराच्या मार्गातील हा अडसर कष्टांनीही दूर होण्यासारखा नव्हता. उमेदीच्या वयात एखाद्या तरुणास आपल्या आवडीचे दार कायमचे बंद झाल्याचे कळावे, याहून मोठा आघात तो कोणता?

लक्ष्मणराव खचले नाहीत. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास हाती घेतला. या कामात रंगांना महत्त्व नव्हते. रेषेची अचूकता, मापांची शिस्त आणि यंत्राची रचना मनःचक्षूंपुढे उभी करण्याची शक्ती यांनाच महत्त्व होते. या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी विपुल होत्या. नुकत्याच स्थापन झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक म्हणून काम मिळाले. शिकविण्याचे काम आटोपले की ते संस्थेच्या यंत्रशाळेत रमत. यंत्रे खोलून पाहणे, जोडणे, बिघाड शोधणे यांत त्यांचे तास जात. पुस्तकी पदवी नसतानाही ते हाडाचे यंत्रज्ञ झाले ते या यंत्रशाळेत.

एका ठिकाणी अपात्र ठरलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी अत्यंत उपयोगी ठरू शकतो, हा धडा त्यांना स्वतःच्या आयुष्याने दिला. पुढील काळात माणसे निवडताना हाच धडा त्यांच्या उपयोगी पडला, असे त्यांचे चरित्र पाहता म्हणता येते.

डावलले जाण्याचा अनुभव

व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत लक्ष्मणराव मन लावून काम करीत होते. बढतीची जागा रिकामी झाली तेव्हा अनुभव आणि योग्यता या दोन्ही दृष्टींनी तिच्यावर त्यांचा हक्क होता. परंतु त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्या काळी अशा घटना नवीन नव्हत्या. अनेकांनी असे अपमान गिळले आणि नोकरी टिकविली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बेळगावला वडीलबंधू रामूअण्णा यांच्याकडे परतले.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने या घटनेकडे पाहण्यासारखे आहे. अन्याय लक्ष्मणरावांवर झाला. परंतु तोटा कोणाचा झाला? एका शिक्षणसंस्थेने पुढे देशातील एक मोठा यंत्रोद्योग उभारणारा माणूस हातचा घालविला. गुणी माणूस सोडून गेल्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही, म्हणून हा तोटा लक्षात येत नाही. तो झाला नाही असे मात्र म्हणता येत नाही. नोकर म्हणून हा सल अनुभवलेला माणूस पुढे स्वतः मालक झाला, हे ध्यानी ठेवले की त्यांच्या नंतरच्या वागण्याची संगती लागते.

बेळगावातील दिवस

बेळगावात दोघा भावांचा सायकलींचा व्यवसाय १८८८ पासून चालू होता. मुंबईत असताना लक्ष्मणरावांनी सायकल प्रथम पाहिली आणि तिचे भविष्य ओळखले. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकत. सायकल चालविण्यासही शिकवीत. ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाचा प्रारंभ तो हाच. नोकरी सोडल्यावर लक्ष्मणरावांनी या व्यवसायाला यंत्रनिर्मितीची जोड दिली. भोवतालच्या शेतकऱ्यांचे जीवन ते रोज पाहत होते. कडबा हाताने तोडण्यात वेळ जाई आणि त्यातील पुष्कळसा भाग वाया जाई. ही अडचण हेरून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविले. त्यापाठोपाठ विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत शेतकऱ्यांत प्रचलित होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत शेतकऱ्यांना अडाणी ठरवून नांगराचे काम सोडून देणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. शेतकऱ्याची भीती समजून घेण्यासारखी होती. वर्षभराच्या पोटापाण्याचा जुगार तो एका हंगामावर खेळत असतो. नवे अवजार फसले तर विकणाऱ्याचे थोडे नुकसान होते. वापरणाऱ्याच्या घरात मात्र चूल पेटत नाही. गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहणारा कारखानदारच अशा वेळी धीर धरू शकतो. तो धीर पुढे फळास आला. एकदा विश्वास बसल्यावर याच शेतकऱ्यांनी किर्लोस्कर नांगर गावोगावी नेला.

व्यवसायाला थोडे स्थैर्य येत होते, तोच नवे संकट आले. शहराच्या विस्तारासाठी ठळकवाडीतील त्यांची कारखान्याची जागा सोडण्याचा आदेश बेळगावच्या नगरपालिकेने दिला. उभा कारखाना उचलून न्यावा तरी कोठे?

औंधचा आश्रय आणि कुंडलचा माळ

औंध संस्थानात एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा तेथील राजघराण्याशी परिचय झाला होता. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कलांचे आश्रयदाते आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. त्यांनी लक्ष्मणरावांची अडचण जाणली आणि आपल्या संस्थानात कारखाना उभारण्यास जागा देऊ केली. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज, असे हे साहाय्य होते. माणसाची पारख करून त्याच्यावर विश्वास टाकणे म्हणजे काय, याचा प्रत्यय लक्ष्मणरावांना येथे लाभार्थी म्हणून आला. तारण म्हणून ठेवण्यासारखे त्यांच्यापाशी काय होते? त्यांची सचोटी आणि हातातील कसब, एवढेच.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. ती जागा म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा वावर असलेला ओसाड माळ होता. पाण्याची सोय नव्हती, दुकान नव्हते, शाळा नव्हती, दवाखाना नव्हता. रेल्वेचे स्थानक जवळ होते, हाच एक मोठा लाभ. अशा ठिकाणी सुमारे २५ कामगार आपल्या बायकामुलांसह लक्ष्मणरावांच्या मागोमाग आले.

या २५ कुटुंबांनी बेळगावसारखे शहर सोडून त्या माळावर का यावे? भक्कम पगाराचे आमिष दाखविता येईल, अशी लक्ष्मणरावांची स्थिती नव्हती. कारखाना चालेल याची खात्रीही कोणी देऊ शकत नव्हते. मालक आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, हा विश्वास हेच त्यांच्या येण्याचे कारण असू शकते. लक्ष्मणराव आणि त्यांच्या पत्नी राधाबाई स्वतः त्याच माळावर राहावयास आले. मालकाचे घर शहरात आणि कामगार रानात, अशी विभागणी नव्हती. जे पाणी कामगाराच्या घरी, तेच मालकाच्या घरी. जो उन्हाळा त्यांना, तोच यांना.

उद्योगाच्या दृष्टीने या स्थलांतराचे महत्त्व फार मोठे आहे. कारखान्याची यंत्रे बैलगाडीत आणि रेल्वेत घालून नेता येतात. परंतु शिकलेले हात सोबत आले नाहीत, तर ती यंत्रे निरुपयोगी ठरतात. १९१० साली त्या परिसरात तयार मोल्डर किंवा फिटर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जुनी माणसे आली नसती, तर औंधच्या राजाने दिलेली जमीन आणि कर्ज दोन्ही व्यर्थ गेली असती.

टाकून दिलेल्या माणसांचा उद्योग

किर्लोस्करवाडीच्या प्रारंभीच्या सहकाऱ्यांची नावे पाहिली की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. शंभोराव जांभेकर यांच्यापाशी अभियंत्याची पदवी नव्हती, तरी कारखान्यात अभियंत्याचे काम ते करीत. के. के. कुलकर्णी यांना शाळेत यश मिळाले नव्हते; येथे ते व्यवस्थापनाची नाना कामे लीलया सांभाळणारे ठरले. मंगेशराव रेगे यांनी लेखनिकाच्या कामापासून हिशेबांच्या प्रमुखपदापर्यंतची जबाबदारी पेलली. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती. कल्पक यंत्रज्ञ म्हणून त्यांनी येथे नाव मिळविले. वडीलबंधू रामूअण्णा यांनी वसाहतीची आखणी आणि देखरेख अंगावर घेतली.

त्या काळच्या रूढ मापाने मोजले असते, तर यांतील बहुतेकांना कोठेही मोठी जागा मिळाली नसती. परीक्षेचा निकाल हीच योग्यतेची एकमेव कसोटी मानली जाई. रंगांधत्वामुळे चित्रकला सोडावी लागलेल्या लक्ष्मणरावांना ही कसोटी पुरेशी वाटणे शक्यच नव्हते. माणूस काय करू शकत नाही याची यादी करण्याऐवजी तो काय करू शकतो, हे ते पाहत. नंतर त्याला तसे काम देत. चुका होतील हे गृहीत धरून शिकण्यास अवसर देत.

यात दयाबुद्धी होती, तशीच व्यवहारबुद्धीही होती. पदवीधर अभियंते त्या काळी विरळ होते आणि आडरानातील नवख्या कारखान्यात येण्यास कोण तयार होणार? ज्या माणसांना इतर उद्योगांनी नाकारले, त्यांच्यातील गुण ओळखणे हे किर्लोस्करांच्या यशाचे मोठे साधन ठरले. अशा माणसाला जेव्हा कोणी प्रथमच विश्वासाने काम सोपवितो, तेव्हा तो ते काम केवळ वेतनासाठी करीत नाही. आपल्यावर टाकलेला विश्वास खरा ठरविणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होतो.

या विश्वासाची सर्वांत कठीण परीक्षा वसाहतीच्या पहाऱ्याच्या कामात झाली. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही दोन नावे किर्लोस्करवाडीच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. दोघांनाही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला त्या काळी गावात काम मिळणे दुरापास्त होते. समाजाचा संशय आणि पोलिसांचा ससेमिरा यांतून त्याची सुटका होत नसे. काम नाही म्हणून पुन्हा गुन्हा आणि गुन्हा म्हणून पुन्हा काम नाही, हे चक्र चालू राही. लक्ष्मणरावांनी या दोघांना पहारेकरी नेमले. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावून घेत, त्यांच्याच हाती त्यांनी आपली दारे सोपविली.

हा निर्णय घेताना लक्ष्मणरावांनी मोठी जोखीम पत्करली होती. कारखान्याचा माल, वसाहतीतील स्त्रिया-मुले आणि औंधच्या राजाने टाकलेला विश्वास, हे सारे पणाला लागले होते. एखादी चोरी झाली असती, तरी त्यांच्या विवेकबुद्धीवर सर्वांनी बोट ठेवले असते. हे दोघे अत्यंत विश्वासू पहारेकरी म्हणून ओळखले गेले. शिक्षेने जे साधले नव्हते, ते जबाबदारी आणि सन्मान यांनी साधले.

किर्लोस्करवाडीत अस्पृश्यतेलाही थारा देण्यात आला नाही. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. त्यापूर्वी कित्येक वर्षे या छोट्याशा वसाहतीने ती मोडीत काढली होती. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने या गोष्टीचे मोल आहेच. कारखान्याच्या दृष्टीनेही ती अत्यावश्यक होती, हे ओतशाळेचे काम समजून घेतले की उमगते.

ओतशाळेने शिकविलेला धडा

नांगर, चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र यांचे अनेक भाग ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे असतात. लाकडी नमुन्याभोवती दमट वाळू ठासून साचा तयार करावयाचा, नमुना अलगद काढून घ्यावयाचा आणि त्या पोकळीत भट्टीतून आलेला लोखंडाचा रस ओतावयाचा, असे हे काम. ऐकण्यास सोपे वाटते. परंतु वाळूत ओल किंचित अधिक झाली तर वाफ धरते. ठासणी कमी पडली तर साचा खचतो. हवा बाहेर जाण्यास वाट ठेवली नाही तर वस्तूच्या पोटात पोकळ फुगे राहतात. बाहेरून वस्तू निर्दोष दिसते. दोष कळतो तो शेतात, ऐन नांगरणीच्या दिवशी, नांगर मोडल्यावर.

अशा कामावर देखरेख ठेवून गुणवत्ता मिळविता येत नाही. साचा भरताना मोल्डरच्या हाताला जे जाणवते, ते शेजारी उभ्या असलेल्या मुकादमालाही दिसत नाही. आपला साचा बिघडला आहे हे केवळ त्या कामगारालाच ठाऊक असते. ते त्याने सांगावे की लपवावे? सांगितल्यास शिव्या, दंड किंवा हकालपट्टी होणार असेल, तर तो लपवील आणि सदोष माल गिऱ्हाइकाच्या दारी जाईल. सांगितल्यास चूक समजून घेतली जाणार असेल, तर तो सांगेल. साचा मोडून पुन्हा भरला जाईल आणि थोड्या वाळूच्या व श्रमाच्या मोलात कारखान्याची अब्रू वाचेल. कामगाराला निर्भयपणे सत्य सांगता येणे हे ओतकामाच्या धंद्यात मोठे भांडवल आहे.

तप्त रसाने भरलेले पात्र दोन माणसांना दोन बाजूंनी धरून न्यावे लागते. एकाचे पाऊल चुकले तर दोघेही भाजतात. अशा वेळी सोबत्याची जात विचारून चालत नाही. त्याच्या हाताचा भरवसा असावा लागतो. शिवाशिव पाळणारी ओतशाळा सुरक्षितही राहू शकत नाही आणि किफायतशीरही होऊ शकत नाही. मनुष्यधर्म आणि धंद्याचे हित हे दोन्ही येथे एकाच दिशेने चालतात.

महायुद्धाचा काळ आणि विस्तार

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि कारखान्यावर नवे संकट कोसळले. परदेशातून येणारे कच्चे लोखंड दुर्मीळ झाले. दगडी कोळसा मिळेना. यंत्रांना देण्याच्या रंगाचीही टंचाई झाली. कित्येक छोट्या कारखान्यांना अशा वेळी टाळे लावावे लागते आणि पहिला वार पडतो तो कामगारांवर. किर्लोस्करवाडीने पर्याय शोधले. जुन्या निकामी तोफा मिळवून त्या वितळविण्यात आल्या आणि त्या लोखंडातून नांगर तयार झाले. संहाराची साधने अन्न पिकविण्याच्या कामी आली. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरण्याचे प्रयोग झाले. असे प्रयोग वरून आलेल्या हुकमाने यशस्वी होत नाहीत. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाने आपली बुद्धी चालविली तरच ते साधतात. वर्षानुवर्षे ज्यांच्या बुद्धीवर विश्वास टाकला गेला होता, त्यांनी अडचणीच्या काळात ती बुद्धी कारखान्याच्या कामी लावली.

युद्धानंतर उद्योगाचा विस्तार झाला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदविली गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या वार्तापत्रातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले आणि त्याने मराठी समाजाच्या विचारांना दीर्घकाळ वळण दिले. १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत पाण्याचा पंप तयार झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे ज्येष्ठ पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून अभियंता होऊन बाहेर पडले. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रांची निर्मिती सुरू झाली आणि १९४६ मध्ये पुणे येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा व बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला. निवडुंगाच्या माळावर रुजलेल्या रोपट्याच्या फांद्या अशा दूरवर गेल्या. या नव्या ठिकाणी जबाबदाऱ्या पेलण्यास लागणारा अनुभव किर्लोस्करवाडीच्या मुशीत घडला होता. माणसे घडविण्यावर केलेला खर्च पुढील पिढीत असा परत आला.

अग्निपरीक्षा

चांगुलपणाचे फळ नेहमी आणि लगेच मिळते, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला जमावाने आग लावली. ज्या भागासाठी चार दशके कष्ट घेतले, तेथेच उभ्या कारखान्याची राख झालेली पाहण्याची वेळ वयाच्या ७९ व्या वर्षाकडे झुकलेल्या लक्ष्मणरावांवर आली. सद्भावनेने वागणाऱ्या माणसालाही द्वेषाची झळ लागते, हे या घटनेने दाखविले.

परंतु कारखाना पुन्हा उभा राहिला. इमारती जळाल्या तरी त्या पुन्हा बांधता येतात. नमुने नष्ट झाले तरी नवे करता येतात. हे सारे करू शकणारे हात आणि करण्याची इच्छा असलेली मने शिल्लक असावी लागतात. १९१० मध्ये ओसाड माळावरून सुरुवात करणाऱ्या वसाहतीला दुसऱ्यांदा शून्यातून उभे राहणे अशक्य वाटले नाही. लक्ष्मणरावांनी साठविलेली खरी संपत्ती आगीत जळणारी नव्हती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड हे रेल्वे स्थानक आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.

आजच्या काळासाठी बोध

लक्ष्मणरावांनी कारखाना सुरू केला तेव्हा कामगारांच्या हिताचे कायदे फार थोडे होते. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई देण्याचा कायदा १९२३ मध्ये आला, कामगार राज्य विमा योजनेचा १९४८ मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये. पूर्वी जे मालकाच्या मनावर अवलंबून होते, ते कायद्याने कामगाराचा हक्क झाले आणि हे उचितच झाले. हक्क हा कृपेवर विसंबून असू नये. परंतु कायदा वेतन, तास आणि निधी यांची हमी देतो. नोकराकडे माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी तो देऊ शकत नाही. ती मालकाला स्वतःच कमवावी लागते.

दुकान, पेढी, कारखाना वा कार्यालय चालविणाऱ्या प्रत्येकापुढे आज हा प्रश्न आहे. चांगली माणसे टिकत नाहीत, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. नवा माणूस घ्यावा, त्याला काम शिकवावे, तो रुळेपर्यंत चुका सोसाव्यात आणि तो तयार होताच त्याने सोडून जावे, यात किती पैसा आणि वेळ खर्ची पडतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. लक्ष्मणरावांची रीत साधी होती. त्यांनी माणसातील गुण शोधला, त्या गुणाला साजेसे काम दिले, विश्वास टाकला, अडचणीत सोबत राहिले आणि जात, परीक्षा वा भूतकाळ यांवरून कोणाची किंमत ठरविली नाही. यांपैकी कशासाठीही मोठे भांडवल लागत नाही.

उत्पन्नातून दानधर्म करण्याची परंपरा व्यापारी समाजांत थोर आहे आणि तिच्यातून शाळा, दवाखाने, वसतिगृहे उभी राहिली आहेत. दान हे मिळालेल्या नफ्यातून दिले जाते. तो नफा ज्यांच्या श्रमांतून निर्माण होतो, त्यांच्याशी असलेल्या रोजच्या वागण्यातून करुणेचा आरंभ झाला, तर ती घरीही नांदते आणि पेढीवरही. आपल्या नोकराच्या अडचणीची प्रथम चौकशी करणारा धनी दानशूर तर ठरतोच. त्याचा व्यवसायही भक्कम पायावर उभा राहतो.

नाकारल्या गेलेल्या माणसांना सोबत घेऊन निवडुंगाच्या माळावर उद्योगनगरी वसविणाऱ्या या थोर यंत्रज्ञाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.